मुख्य दरवाजासमोरील जागा

शनिवारी सकाळी नेरूरकरांच्या घरात उंदीर मेला. निदान घरातल्यांचं तसं मत पडलं. मधुकर अंघोळीला निघाला होता. तो ओटीवरच थांबला, नाक वर केलं आणि म्हणाला, "उंदीर मेलाय." त्याची धाकटी बहीण कुंदा म्हणाली, "मोठा असणार." पद्मजा काहीच म्हणाली नाही, कारण उंदीर कुठेही मेला तरी शोधायचा तिलाच होता. जानकीबाई लाल माठाची जुडी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "उंदीरच. केवढी ती घाण."

पद्मजाने सासूकडे एकदा नीट पाहिलं आणि ती केरसुणी आणायला गेली.

मुलं मे महिन्याची कुडाळला आजोळी गेली होती, त्यामुळे शोधायला हात कमी होते. माळा उपसला. कोळशाचं पिंप हलवलं. मधुकरच्या वडिलांच्या, अण्णांच्या, ड्रॉइंगच्या वह्यांची ट्रंक उघडली, तिच्यात कसर निघाली पण उंदीर निघाला नाही. संध्याकाळपर्यंत वास दुप्पट झाला. मधुकरला उंदराची चीड नव्हती, त्याने निवडलेल्या मुहूर्ताची होती. रविवारी चार वाजता सोसायटीची कमिटी यायची होती.

अंधेरीची सुयोगनगर सोसायटी स्थापन झाली तेव्हा रेशनिंग होतं आणि अंगणात भाजी लावणं हे देशकार्य होतं. नेरूरकरांच्या पुढच्या खोलीत अजून त्या वेळचं प्रशस्तिपत्र होतं, सोसायटीनेच अण्णांना दिलेलं, काचेच्या चौकटीत. गेल्या वर्षी रेशनिंग उठलं आणि लोकांना शोभा आठवली. वार्षिक सभेत नियम सतरा-अ एकमताने मंजूर झाला: 'बंगल्याच्या मुख्य दरवाजासमोरील जागेत केवळ शोभेची झाडे लावावीत. खाण्याच्या उपयोगाची झाडे, वेल, भाजीपाला इत्यादी लावू नये.'

हा नियम मधुकरने लिहिला होता. तो फोर्टातल्या एका विमा कंपनीत हेडक्लार्क होता आणि त्याच सभेत सोसायटीचा सेक्रेटरी झाला होता. आधी त्याने 'रस्त्याकडील जागेत' असं लिहिलं होतं. पण सोसायटीत रस्ता अजून व्हायचा होता, आणि जे नाही त्याचा उल्लेख नियमात करणं मधुकरला पटलं नाही. म्हणून 'मुख्य दरवाजासमोरील'. ते वाक्य त्याला फार आवडलं होतं. सभेत वाचताना त्याने ते दोनदा वाचलं.

नियम मंजूर झाला तेव्हा आपल्या दारात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण आई ऐकेल असं त्याला वाटलं होतं. माणूस चाळिशीला टेकला तरी असं वाटायचं थांबत नाही.

दारात काय नव्हतं ते विचारा. अण्णा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि रंगसंगती साधल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. वीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद तुकड्यात त्यांनी भाजीचं चित्र काढलं होतं. पायवाटेच्या दोन्ही कडांना लाल माठ, त्याच्या मागे पोपटी पालेभाज्या. नळाचं पाणी सांडायचं तिथे काळ्या देठाचं अळू. व्हरांड्याच्या कठड्यावर जांभळ्या वेलाचा मायाळू. तुपाच्या डब्यांना गेरू लावून त्यांत मिरच्या, आणि फाटकावरच्या कमानीला पडवळ, सरळ लांब वाढावं म्हणून प्रत्येकाच्या शेंड्याला दोरीने दगड बांधलेलं. "आधी डोळे जेवतात," असं अण्णा म्हणत. अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती, पण चित्र तसंच होतं. जानकीबाईंनी त्यात एक रेघही इकडची तिकडे होऊ दिली नव्हती.

"आई, कमिटी बघून गेली की सगळं काढावं लागेल," मधुकर शनिवारी जेवताना म्हणाला. "त्यापेक्षा आपणच काढून क्रोटन लावू. माझी लाज राहील."

"क्रोटनचं काय करतात?" जानकीबाईंनी विचारलं.

"काही करत नाहीत. नुसतं बघतात."

"मग माठाकडे बघायला तुमच्या कमिटीला कोणी नको म्हटलंय?"

मधुकरने पद्मजाकडे पाहिलं. पद्मजा त्याच्या बाजूची होती आणि तसं तिने लपवलंही नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती मायाळूच्या पानांवरच्या गोगलगाई धूत होती. निवडायचं नाही, चिरायचं नाही, फोडणीला टाकायचं नाही, असं एखादं झाड आपल्या दारात असावं असं तिला वाटे. गुलाब असता तर बरं, पण क्रोटनही चाललं असतं. "हे म्हणतात ते बरोबर आहे आई," ती म्हणाली आणि तिने आमटी वाढली. आमटी जानकीबाईंनी केली होती आणि ती तळाला लागली होती. पातेलं उतरवल्या उतरवल्या पद्मजाने वरची आमटी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घेतली होती. गुढीपाडव्यापासून हे तिसऱ्यांदा झालं होतं.

रविवारी सकाळी श्यामसुंदर चेंबूरहून आला. तो दर रविवारी येई, रिकामी पिशवी घेऊन येई आणि भरलेली घेऊन जाई. धाकट्या भावाला बागेबद्दल विशेष प्रेम होतं असं नाही, पण पिशवीबद्दल होतं. त्यामुळे नियम सतरा-अच्या बाबतीत तो आईच्या बाजूचा होता.

फाटकातून आत येताच त्याने रुमाल नाकाला लावला. "काय मेलंय रे दादा? बैल?"

"उंदीर. माळ्यावर असणार."

"माळ्यावर कसला? इथे बाहेर येतोय वास. तुम्ही आत शोधताय होय? कमाल आहे यार तुमची."

पायऱ्यांच्या उजव्या अंगाला, भिंतीच्या कोपऱ्यात एक टोपली पालथी घातलेली होती. तिच्याभोवती माश्या घोंगावत होत्या. ती टोपली आठवडाभर तिथे होती आणि ती का आहे हे कोणी विचारलं नव्हतं. जानकीबाईंनी ठेवलेल्या वस्तूबद्दल त्या घरात सहसा कोणी विचारत नसे.

श्यामने पायाने टोपली उडवली.

आत फूल होतं. फूल म्हणायचं म्हणून. जमिनीतून थेट वर आलेलं, पान नाही, देठ जेमतेम, परातीएवढं पसरलेलं, कडेला चुण्या पडलेलं, वांग्याच्या रंगाचं. मध्ये माणसाच्या डोक्याएवढा जांभळट सुरकुतलेला गोळा. चौघं जण मागे सरले. कुंदा तेवढी जराशी पुढे आली आणि पुन्हा मागे गेली. ती कॉलेजात बॉटनी घेऊन बी.एस्सी. करत होती, म्हणजे तिला दोन पावलं पुढे जाणं भागच होतं.

"सुरण आहे," ती नाक दाबून म्हणाली. "सुरणाचं फूल. मेलेलं काही नाही, दादा. मेल्यासारखा वास सोडून माश्यांना बोलावतंय. कंद काही वर्षं काढला नाही की येतं."

"काही वर्षं?" मधुकर म्हणाला. "म्हणजे हा अण्णांचा? तो अजून जमिनीतच आहे?" तो श्यामकडे वळला. "तू नेणार होतास ना हा?"

"मी? तू काढणार होतास."

"मला दर वर्षी आई सांगते, श्याम नेणार आहे, त्याला हात लावू नकोस."

"मला दर वर्षी सांगते, मधू काढणार आहे म्हणतो, तू मागू नकोस."

"मी कधी म्हटलं?"

"मग मी तरी कधी म्हटलं?"

दोघांनी मागे वळून पाहिलं. जानकीबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या खाली आल्या, टोपली उचलली आणि तिची मोडलेली काडी पाहू लागल्या.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या.

"चार वर्षं?"

"दर वर्षी एकदाच बोलावं लागलं. तुम्ही दोघं एकमेकांना विचारणार नाही, हे मला माहीत होतं."

ते खरं होतं. श्याम दर रविवारी येई, मधुकरशी क्रिकेटबद्दल आणि हवेबद्दल बोले आणि जाई.

"पण का गं आई?" श्यामने विचारलं.

"का म्हणजे?" जानकीबाई रागावल्या की बोलणं मालवणीवर जाई. "तेंनी आठ दिस आधी आपल्या हातान लावल्यानी होतो तो. मग गेले." मग त्या सावरून म्हणाल्या, "त्यांच्या हातचं बाकी सगळं खाऊन झालं. मिरच्या झाल्या, माठ झाला. आता जे आहे ते मी बी धरून लावलेलं. त्यांनी पुरलेलं एवढंच राहिलंय. तो काढला की तुम्ही अर्धा अर्धा कराल, चार दिवस खाल आणि मग संपलं. मला तो संपवायचा नव्हता."

मधुकरला एकदम अण्णांचे खडूने भरलेले हात आठवले. काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं, पण त्या वासात तोंड उघडणं शक्य नव्हतं. तो आत गेला आणि नियमांची फाइल काढून बसला.

"फूल कोयत्याने उडवू का?" श्यामने हळूच विचारलं.

"उडव," जानकीबाई म्हणाल्या आणि फुलाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

व्हरांड्यातून पद्मजा हे पाहत होती. सगळे दहा फुटांवर नाक धरून उभे होते आणि सासूबाई त्या फुलाशेजारी अशा उभ्या होत्या, जसं काही ते जाईचं आहे. त्या वाकल्या. चेहरा अगदी जवळ नेऊन त्यांनी आतला गोळा पाहिला आणि पदराने त्यावरची माती झटकली. मार्चमधल्या तापानंतर आईंना वास येत नाही, हे पद्मजाला पहिल्या करपलेल्या भाजीपासून माहीत होतं. आईंनी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून तिनेही सांगितलं नव्हतं. ज्या बाईला फोडणीच्या वासावरून शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळायचं, तिला आता 'केवढी ती घाण' असं इतरांच्या तोंडाकडे बघून म्हणावं लागत होतं. नाक गेलं होतं. उरले होते डोळे, आणि डोळ्यांना बघायला ही बाग होती. तिथे क्रोटन लावून त्यांनी काय करायचं?

पद्मजाला स्वतःच्या गुलाबाची थोडी लाज वाटली. फार नाही. गुलाब तिला अजूनही हवाच होता.

ती आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, कमिटीला मागच्या दाराने आणूया."

"मागच्या दाराने? चेअरमनना? मोरीवरून?"

"मग पुढच्या दाराने आणा आणि त्या फुलाजवळ बसवून चहा पाजा."

मधुकरने विचार केला आणि श्यामला कोपऱ्यावर उभं केलं. पुढे फरशी ओली आहे असं सांगून पाहुण्यांना बोळातून मागे आणायचं, असं ठरलं. कुंदाने तेवढ्या वेळात पुठ्ठ्याचे तुकडे कापले, त्यांवर काळ्या शाईने झाडांची लॅटिन नावं लिहिली आणि बागेत काठ्यांना बांधली. "खोटं एक अक्षर नाही दादा," ती म्हणाली. "विचारलं तर प्रोफेसरांना विचारा म्हणावं." जानकीबाईंनी कठड्यावरची मायाळूची पानं खुडली आणि त्या भजी तळायला बसल्या. पद्मजा कढईकडे लक्ष ठेवून शेजारी बसली.

चार वाजून पाच मिनिटांनी कमिटी आली. तिघांपैकी एक सभासद आंब्यांसाठी गावी गेला होता. चेअरमन जयवंत होते, सेक्रेटेरिएटमधून निवृत्त झालेले, जातीने कायस्थ आणि स्वभावाने खवय्ये. बरोबर नलिनीबाई होत्या. त्यांच्या दारात अकरा जातींचे गुलाब होते आणि नियम सतरा-अची कल्पना मूळ त्यांची. दोघांना बोळातून, कपडे धुण्याच्या दगडाला वळसा घालून, मागच्या दाराने आणलं. मागच्या पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या.

"इकडून कसं काय?" नलिनीबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे माणसं इकडूनच येतात," पद्मजा म्हणाली. मधुकरने तिच्याकडे पाहिलं. ती कोकम सरबत ओतत होती.

जयवंतांनी भजी खाल्ली, पुन्हा वाढली ती खाल्ली आणि कसली आहेत हे विचारलं नाही. मग रुमालाला हात पुसून उठले. "चला नेरूरकर, कर्तव्य करू. मिनिट्स तुम्ही लिहा."

घरातून ते पुढे आले आणि मधुकरने पुढचं दार उघडलं. जयवंत पायरीवरच थबकले. "काही मेलंय का हो?"

"उंदीर," सगळे एकदम म्हणाले. जानकीबाईही म्हणाल्या.

पाहणी सुरू झाली. जयवंत रुमालातून पुठ्ठे वाचत चालले. "कोलोकेशिया," त्यांनी वाचलं. "हे अळू आहे."

"कॉलेजात कोलोकेशिया म्हणतात," कुंदा म्हणाली.

"आमच्याकडे फदफदं म्हणतात. शेंगदाणे आणि मुळा घालून. लिहा नेरूरकर, खाण्याचं." मधुकरने लिहिलं. "ॲमॅरँथस. हा लाल माठ. ओलं खोबरं आणि लसूण. खाण्याचं. बॅसेला." ते कठड्याजवळ थांबले. "हा मायाळू. म्हणजे मघाची भजी ह्याची?"

"हो," जानकीबाई म्हणाल्या.

"उत्तम होती. खाण्याचं, लिहा."

कमानीखाली नलिनीबाई थांबल्या. डोक्यावर पडवळाचे दगड लोंबत होते. "हे दगड कशाला?"

"पडवळ वाकडं वाढू नये म्हणून," जानकीबाई म्हणाल्या. "सरळ चांगलं दिसतं."

"दिसतं, म्हणजे शोभेसाठीच की," कुंदा म्हणाली.

"डाळिंब्या घालून आणखी चांगलं लागतं," जयवंत म्हणाले. "खाण्याचं."

असं एकेक झाड गुन्हेगार ठरत गेलं. जयवंतांना प्रत्येकाची कृती पाठ होती आणि प्रत्येक कृती हा पुरावा होता. मधुकर खाली मान घालून लिहीत होता. बावीस ओळी झाल्या. कुठल्याही घराचा इतका संपूर्ण निकाल सोसायटीत आजवर लागला नव्हता, आणि तो त्याच्याच अक्षरात होता.

मग ते कोपऱ्यावर आले. फुलावर पुन्हा पालथी घातलेली टोपली जानकीबाईंनी उचलली. लपवायचं आता काही उरलं नव्हतं.

जयवंतांच्या हातातला रुमाल खाली आला. "अरे," ते म्हणाले. "हा तर शेवळ्याचा आजोबा." शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर येणारी रानभाजी. तीही अशीच जमिनीतून सरळ वर येते, आणि तिच्यावर कायस्थ माणूस जीव टाकतो. जयवंतांनी तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. तिथे वास त्यांना पुरता भेटला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांना कृती आठवली नाही.

"जयवंतसाहेब," नलिनीबाई पदराआडून म्हणाल्या, "हे खाण्याचं लिहायचं की शोभेचं?"

"ह्याची नोंद आत बसून करू," जयवंत म्हणाले आणि भरभर पायऱ्या चढले. सगळे मागोमाग आत आले. श्यामने पुढचं दार लावलं, कडी घातली आणि खाली पोतं सारलं.

मागच्या पडवीत येऊन सगळे पुन्हा बसले. जयवंतांनी पाणी मागून घेतलं. "वाईट वाटतं नेरूरकर," ते म्हणाले, "पण नियम स्वच्छ आहे. आठ दिवसांत मुख्य दरवाजासमोरची जागा मोकळी करायची. अण्णांना मी मानत होतो. पण सेक्रेटरीच्याच घराला सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील."

जानकीबाई मांडीवरची रिकामी ताटली फिरवत राहिल्या. इतक्या गप्प त्या अण्णा गेले त्या दिवशी होत्या.

"मुख्य दरवाजा कोणता?" पद्मजाने विचारलं.

"म्हणजे?"

"नियमात मुख्य दरवाजा लिहिलंय ना? तो कोणता म्हणायचा?"

"ज्यातून माणसं येतात-जातात तो," जयवंत म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"तुम्ही आज ह्यातून आलात. ह्यातूनच जाल. पुढचं दार आम्ही आत्ता बंद केलं. मला तरी ते पुन्हा उघडावंसं वाटत नाही."

श्याम हसू दाबायला छताकडे बघू लागला. नलिनीबाई म्हणाल्या, "पण पुढचं ते पुढचंच. लहान मूलसुद्धा सांगेल."

"नियमात पुढचं असं लिहिलेलं नाही," कुंदा म्हणाली.

जयवंतांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नियम लिहिला कोणी?"

"मी," मधुकर म्हणाला.

"मग तुम्हीच सांगा. मुख्य दरवाजा म्हणजे तुम्हाला काय अभिप्रेत होतं?"

मधुकरला काय अभिप्रेत होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने पद्मजाकडे पाहिलं. कालपर्यंत ती आपल्या बाजूला होती, ती नेमकी केव्हा पलीकडे गेली हे त्याला कळलं नाही. मग त्याने आईकडे पाहिलं. सेक्रेटरी होण्यासाठी तो तीन वर्षं सभांना वेळेवर गेला होता. उद्या सोसायटीत लोक हसणार होते, आणि त्यांचं बरोबरच असणार होतं.

"पाटी पुढच्या दाराला आहे तुमची," नलिनीबाई म्हणाल्या. "जिथे पाटी तो मुख्य दरवाजा. हे तरी मान्य?"

"मान्य," मधुकर म्हणाला.

तो उठला. खणातून त्याने पेचकस आणि हातोडी घेतली, घरातून पुढे गेला, पोतं बाजूला केलं आणि दार उघडलं. वास आत शिरला. पडवीतल्या सगळ्यांना स्क्रू फिरल्याचा आवाज ऐकू येत होता. चार स्क्रू होते आणि गंजलेले होते, त्यामुळे वेळ लागला. मध्ये तो एकदा खोकला. मग दार लागलं, कडी पडली, आणि मधुकर हातात पितळी पाटी घेऊन मागे आला. डोळे लाल झाले होते, वासाने असतील. पाटीवर 'वि. स. नेरूरकर, चित्रकला शिक्षक' असं होतं. अक्षर अण्णांनी स्वतः काढून दिलं होतं. त्याने ती मागच्या दाराच्या फळीवर धरली.

"डावीकडून थोडी वर," जानकीबाई म्हणाल्या.

त्याने वर केली आणि खिळे मारले. मग खुर्चीवर बसून वही उघडली आणि मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं, "कमिटीने मुख्य दरवाजासमोरील जागा पाहिली. तेथे कपडे धुण्याचा दगड आणि तुळस आहे. भाजीपाला आढळला नाही. शोभेचे झाडही आढळले नाही."

जयवंतांनी वही घेतली, मघाच्या बावीस ओळींचं पान बाजूला सारलं आणि नवं पान दोनदा वाचलं. "मेहनती माणूस आहात," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग भज्यांच्या ताटाकडे पाहिलं. जानकीबाई उरलेली भजी केळीच्या पानात बांधून द्यायला उठल्या.

"पण दगडाजवळ काहीतरी शोभेचं लावावंच लागेल," नलिनीबाई सही करता करता म्हणाल्या. हरलेल्या माणसाला काहीतरी जिंकावं लागतं.

"गुलाबाचं कलम द्याल?" पद्मजा इतक्या पटकन म्हणाली की नलिनीबाईंना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

पाहुणे मुख्य दरवाजाने, म्हणजे मोरीवरून, गेले. कुंदा पुढच्या खोलीतली खिडकी लावायला गेली. जानकीबाई ताटल्या गोळा करून मोरीशी आल्या. पद्मजा तिथे कढई घासत होती. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "खरंच एवढी घाण येते का गं?"

पद्मजाने हात थांबवला नाही. "फार येते, आई."

"कशासारखी?"

"उंदीर मेल्यासारखी."

जानकीबाईंनी मान हलवली. "म्हणजे मी बरोबर म्हणत होते." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पाडव्यापासून."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

जानकीबाईंनी एक ताटली विसळली, ती पुन्हा विसळली आणि सुनेच्या हाती दिली. "उद्यापासून फोडणी तू करत जा," त्या म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना दोन महिने लागले होते.

पुढचं दार त्या दिवसापासून बंद राहिलं. घरात शिरायचं तर स्वयंपाकघरावरूनच जायचं, त्यामुळे कोण किती वाजता आलं आणि पिशवीत काय घेऊन निघालं ते जानकीबाईंना बसल्या जागी दिसू लागलं. पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी श्याम माठ, मिरच्या आणि दोन पडवळं घेऊन निघाला. मधुकर त्याला बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला गेला. असं तो आधी कधी गेला नव्हता.

"मग दादा," श्याम पिशवी खांद्यावर घेत म्हणाला, "सुरण तू काढणार आहेस ना?"

जानकीबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"नाही बुवा," मधुकर म्हणाला. "तू नेणार आहेस असं आई सांगत होती."

"असं? मला तर म्हणाली, मधू काढणार आहे."

"मग पुढच्या वर्षी बघू."

"बघू," श्याम म्हणाला. तो चार पावलं गेला आणि परत वळून आला. "पुढच्या रविवारी लवकर येतो. जेवायलाच."